सरकून जागा देणारं शिल्प: शहराच्या दारात ते कसं उभं करावं

मी शिल्पकार आहे. माती, प्लास्टर आणि ब्राँझ यांत माझी पस्तीस वर्षं गेली. स्वागताचं म्हणून केलेलं माझं पहिलं काम एका रेल्वे स्थानकाबाहेर होतं: दोन्ही हात पसरून उभी असलेली बाई, साडेतीन मीटर उंच, खाली दीड मीटरचा चौथरा. अनावरण झालं, भाषणं झाली. आठवड्याने मी एकटीच तिथे जाऊन बसले. गाडीतून उतरलेली माणसं चौथऱ्याच्या कडेला टेकत होती, पण बाईकडे पाठ करून. तिचे हात त्यांच्या डोक्यांपेक्षा कितीतरी वर होते. सामान ठेवायला जागा नव्हती, सावली नव्हती. मूल कडेवर घेतलेली एक तरुण मुलगी त्या पसरलेल्या हातांच्या बरोबर खाली उभी राहून पत्ता विचारायला कुणी दिसतंय का ते शोधत होती. माझ्या ब्राँझच्या बाईचा तिला काहीही उपयोग नव्हता.

आपण पाहुण्याला ‘या’ म्हणतो आणि लगोलग ‘बसा’ म्हणतो. मी ‘या’ केलं होतं, ‘बसा’ विसरले होते. त्यानंतर प्रत्येक कामात मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आले: नवख्या माणसाचं शरीर इथे काय करू शकेल? टेकेल, हात लावेल, खालून जाईल, कुणाची वाट बघेल? तुमच्या शहरात असं शिल्प उभारायचं घाटत असेल, तुम्ही समितीत असाल किंवा स्वतः शिल्पकार असाल, तर पुढचं सगळं या प्रश्नाच्या आधाराने वाचा.

आधी जागा

बहुतेक ठिकाणी आधी विषय ठरतो, मग शिल्पकार, आणि शेवटी जिथे मोकळं दिसेल तिथे शिल्प बसवलं जातं. हा क्रम उलटा करा. जागा ठरल्याशिवाय मातीला हात लावू नका.

जागेवर निदान चार वेळा जा: सकाळच्या गर्दीत, भर दुपारी, अंधार पडल्यावर आणि पावसात. वहीत जागेचा साधा आराखडा काढा आणि त्यावर माणसं कुठून कुठे चालतात त्या रेघा मारा. कुठे थांबतात तिथे ठिपका. सामान कुठे खाली ठेवतात तिथे चौकोन. फोन कानाला लावून कोपरा कुठे शोधतात, तेही टिपा. चार फेऱ्यांनंतर वहीच सांगते की शिल्प कुठे नको. रेघा दाट आहेत तिथे नको. ठिपके आणि चौकोन एकत्र येतात त्या जागेच्या कडेला हवं.

या रेघांकडे दुर्लक्ष झालं की काय होतं त्याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. १९८१ साली तिथल्या फेडरल प्लाझा या सरकारी कचेऱ्यांच्या चौकात रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ बसवलं गेलं: सुमारे ३७ मीटर लांब आणि ३.७ मीटर उंच अशी गंजरंगी पोलादाची किंचित कललेली भिंत. चौक ओलांडणाऱ्याने वळसा घ्यावा, आपल्या चालण्याची त्याला जाणीव व्हावी, हाच शिल्पकाराचा हेतू होता. शिल्प म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. पण रोज तिथे कामाला येणाऱ्यांपैकी अनेकांना ती अडवणूक वाटली. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये शिल्पाचे तुकडे करून ते हलवलं गेलं. कलेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी स्वागताच्या शिल्पाला वळसा घ्यायला लावणं परवडत नाही.

अंधारातली फेरी चुकवू नका, आणि जमल्यास एखाद्या बाईला एकटीने करायला सांगा. शिल्पाआड माणूस दडू शकत असेल, तर रात्री त्या जागेवर स्वागत उरत नाही. प्रकाश वरून भगभगीत नको. चेहरे ओळखू येतील इतका आणि जमिनीलगत हवा. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या आणि केबल यांचा नकाशाही याच टप्प्यावर मिळवा.

कुणाचं स्वागत, आणि ते कुणी सांगायचं

‘तुम्हाला शिल्प कशाचं हवं?’ असं विचारलं की लोक आधी पाहिलेली शिल्पं सांगतात: कबूतर, पृथ्वीचा गोल, गुंफलेले हात. प्रश्नच चुकलेला असतो. मी विचारते, ‘या शहरात पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?’ मग उत्तरं बदलतात. घामाने अक्षरं फुटलेली पत्त्याची चिठ्ठी. ज्या घरात परत जाता येणार नाही त्याची किल्ली. भावाचे एक माप मोठे बूट. आणि दुसरा प्रश्न: ‘इथे आपलं कुणीतरी आहे, असं पहिल्यांदा कधी वाटलं?’

या दुसऱ्या प्रश्नाला एका वयस्क गृहस्थांनी दिलेलं उत्तर माझ्या दुसऱ्या शिल्पाचं बीज ठरलं. ते म्हणाले, ‘बसमध्ये एक बाई बसल्या होत्या. शेजारी त्यांची पिशवी. मला बघून त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकल्या. बोलल्या काहीच नाहीत.’ एवढंच. मी त्या रात्री घरी येऊन मातीचा गोळा घेतला आणि पिशवी उचलून सरकणारी बाई केली. पुढे तेच मोठं झालं: २.४ मीटरचा बाक, एका टोकाला ती, कंबर अजून पुरती टेकलेली नाही, पिशवी मांडीवर, आणि शेजारी दोन माणसांना पुरेल इतकी मोकळी जागा. ती मोकळी जागा हाच शिल्पाचा मुख्य भाग आहे.

गप्पा कमीत कमी तीन प्रकारच्या माणसांशी करा. नुकतेच आलेले; वीस-तीस वर्षांपूर्वी येऊन इथले झालेले; आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेले. तिसऱ्यांना समित्या हमखास विसरतात, आणि मग तेच लोक विरोधाला उभे राहतात. त्यांची तक्रार मला रास्त वाटते: ज्याच्या अंगणात पाहुणा येणार, त्याला विचारायला नको? ज्यांचा वेळ घ्याल त्यांना त्याचं मानधन द्या. ज्यांच्या आठवणीवरून शिल्प घडतं त्यांना फुकट राबवू नका.

आलेल्या माणसाला केविलवाणं दाखवण्याचा मोह टाळा. लंडनच्या वॉटर्लू स्थानकात जून २०२२ मध्ये बेसिल वॉटसन यांचं विंडरश स्मारक उभं राहिलं. १९४८ च्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजापासून पुढे कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या पिढीचं हे स्मारक. पुरुष, बाई आणि मूल एकमेकांचे हात धरून सामानाच्या सुटकेसींवर चढलेत, आणि तिघांच्याही अंगावर ठेवणीतले कपडे आहेत. नव्या शहरात उतरताना माणूस आपला सर्वांत चांगला पोशाख घालतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे सुचतं.

आणि माणसांच्या आकृत्याच हव्यात असंही नाही. आयर्लंडमधल्या मिडल्टन गावी ॲलेक्स पेंटेक यांनी स्टेनलेस स्टीलची नऊ पिसं उभी केली आहेत, प्रत्येक सुमारे ६ मीटर, गोलाकार मांडून वाडग्यासारखी. १८४७ साली आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ असताना अमेरिकेतल्या चोक्टॉ या मूळनिवासी लोकांनी वर्गणी काढून पैसे पाठवले होते. स्वतःच्या भूमीतून हाकलले जाऊन त्यांना तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पिसं त्यांची, वाडगा उपाशी माणसाचा. एका आकारात दोन्ही लोक आले.

उंची, चौथरा आणि हात पोचेल ती जागा

याच विषयावर मी समित्यांशी सर्वांत जास्त भांडले आहे. ‘दुरून दिसलं पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. आधी ठरवा, दुरून दिसायचं आहे की जवळ बोलवायचं आहे. दोन्ही एकाच आकारात साधणं फार थोड्यांना जमलंय.

दुरून दिसण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या गेट्सहेडची ‘एंजल ऑफ द नॉर्थ’. अँटनी गॉर्मली यांनी १९९८ मध्ये पूर्ण केलेली ही आकृती २० मीटर उंच आहे आणि पंखांचा पसारा ५४ मीटर. रस्त्याने आणि रेल्वेने जाणाऱ्यांना ती लांबूनच दिसते. पण बारकावा बघा: पंख सरळ नाहीत, ते ३.५ अंश पुढे कललेले आहेत, कवेत घेतल्यासारखे. एवढ्याशा कोनामुळे भिंतीचं आलिंगन होतं. शिवाय खाली उंच चौथरा नाही. गवतावरून चालत तिच्या पायांपर्यंत जाता येतं.

दुसऱ्या टोकाला ब्रसेल्सचा मानेकेन पिस: जेमतेम अर्ध्या मीटरहून थोडा उंच ब्राँझचा पोरगा. तो शहराचा लाडका आहे याचं कारण उंचीत नाही. निरनिराळे देश, संस्था, व्यवसाय त्याला पोशाख देतात. हजाराहून जास्त पोशाख जमलेत आणि ते ठेवायला स्वतंत्र संग्रहालय आहे. ज्याला बाहेरचा माणूस आपले कपडे घालू शकतो, तो पुतळा परका राहत नाही. तुमच्या शिल्पातही येणाऱ्याला काही करता येईल अशी एक तरी जागा ठेवा.

शिकागोमधलं अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ तिसरा मार्ग दाखवतं. ते २००६ मध्ये पूर्ण झालं: स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून, सांधे दिसेनासे होईपर्यंत घासून केलेला आरसा. त्याच्या पोटाखालून चालत जाता येतं, आणि वर बघितलं की आपण, आपल्या शेजारची अनोळखी माणसं आणि शहर एकाच प्रतिबिंबात दिसतात. कुणाचाही चेहरा कोरलेला नसल्यामुळे सगळ्यांचे चेहरे त्यात मावतात.

आता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेली मापं. बसायची जागा जमिनीपासून ४५ सेंटीमीटर. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची नजर साधारण १.२ मीटरवर असते. महत्त्वाचा तपशील आणि मजकूर तिथून दिसला पाहिजे. खुर्ची वळवायला १.५ मीटर मोकळी सपाट जागा, आणि शिल्पापर्यंत एकही पायरी नको. दृष्टिहीन माणसाच्या हाताला लागेल असा भाग ठेवा. आणि ९ ते २३ सेंटीमीटरच्या फटी ठेवू नका, लहान मुलाचं डोकं अडकतं. मुलं शिल्पावर चढणारच, हे गृहीत धरून टोकं गोल करा आणि सांगाडा तेवढा भक्कम करा.

मोठं करण्याआधी लोकांना दाखवा

कागदावरची चित्रं आणि संगणकावरची दृश्यं फसवतात. त्यांत नेहमी ऊन असतं आणि माणसं हसत असतात. मी लाकडी पट्ट्या आणि पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा सांगाडा करून आठवडाभर जागेवर ठेवते. पिशवीवाल्या बाईच्या बाकाचा सांगाडा ठेवला तेव्हा कळलं की मी मोकळी जागा तिच्या उजव्या हाताला ठेवली होती आणि दुपारी तिथेच ऊन येत होतं. लोक दुसऱ्या बाजूला कडेवर टेकत होते. पुठ्ठा उलटा बसवला आणि जागा भरली. ब्राँझ ओतल्यावर हे कळलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा मशाल धरलेला हात १८७६ साली, पुतळा उभा राहण्याच्या दहा वर्षं आधी, फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडला होता आणि लोक आतून चढून मशालीच्या सज्जात जात होते. १८७८ मध्ये डोकं पॅरिसमध्ये दाखवलं. पुतळ्याचे शिल्पकार बार्तोल्दी यांना त्यातून पैसेही उभे करायचे होते, पण लोकांची पुतळ्याशी ओळखही अशीच झाली.

शब्द

त्याच पुतळ्याची दुसरी गोष्ट मला सारखी आठवते. स्थलांतरितांचं स्वागत हा त्याचा मूळ विषय नव्हताच. तो स्वातंत्र्याचा आणि फ्रान्स व अमेरिका या दोन देशांच्या मैत्रीचा पुतळा. पायाशी तुटलेल्या साखळ्या आहेत. १८८३ मध्ये चौथऱ्याच्या निधीसाठी कवयित्री एमा लाझारस यांनी चौदा ओळींचं एक सुनीत लिहिलं आणि त्यात या देवतेला निर्वासितांची आई केलं. ते ब्राँझच्या पाटीवर चौथऱ्यात लागलं १९०३ मध्ये, अनावरणानंतर सतरा वर्षांनी. मधल्या काळात बंदरात शिरणाऱ्या जहाजांवरून लाखो माणसांनी तिला पाहिलं होतं. अर्थ त्यांनी आणि त्या चौदा ओळींनी दिला.

म्हणून शब्द थोडे ठेवा, पण त्यांवर शिल्पाइतकीच मेहनत घ्या. जर्मनीतल्या कासेल शहरात २०१७ मध्ये ओलू ओगीबे यांनी १६ मीटरचा काँक्रीटचा स्तंभ उभारला. त्यावर बायबलमधलं एकच वाक्य, ‘मी परका होतो आणि तुम्ही मला आसरा दिलात’ अशा अर्थाचं, जर्मन, इंग्रजी, तुर्की आणि अरबी अशा चार भाषांत, प्रत्येक बाजूला एक. कुठलीही भाषा दुसरीच्या खाली नाही. दोन भाषा एकाखाली एक लिहिल्या की खालची आपोआप धाकटी होते.

आणि कोरण्याआधी ती भाषा घरात बोलणाऱ्या दोन माणसांकडून पूर्ण मापाचा कागद तपासून घ्या. माझ्या एका कामात अरबी ओळ छपाईला गेली तेव्हा अक्षरं सुटी पडली होती आणि क्रमही उलटा झाला होता. अरबी अक्षरं जोडून आणि उजवीकडून लिहितात हे त्या संगणकातल्या प्रणालीला कळत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नाही. चहा घेऊन आलेल्या मुलाने बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘हे वाचता येत नाही.’ मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडलेली पाटी बघून आपल्याला जे वाटतं ते आठवा. स्वागताच्याच ओळीत ते झालं असतं.

धातू, पाया, पैसे

ब्राँझ नजरेला उबदार, दुरुस्तीला सोपं, आणि हात लागून चकाकतं. माझी पहिली पसंती तीच. भर उन्हात मात्र कुठलाही गडद धातू चटका देतो, म्हणून बसायची पट्टी लाकडाची करा. गंजरंगी पोलाद सुंदर दिसतं, पण पावसात त्याचं तांबूस पाणी फरशीवर उतरतं आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याचा गंज थांबत नाही. किनाऱ्याजवळ स्टेनलेस वापरायचं तर ३१६ प्रतीचं घ्या. दोन वेगळे धातू एकमेकांना उघडे भिडवू नका. स्वातंत्र्यदेवतेच्या तांब्याच्या पत्र्याआड लोखंडी पट्ट्या होत्या. मधलं आवरण झिजलं, ओलाव्यात लोखंड गंजून फुगलं, आणि १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. पायाचा आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशोब स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्या.

पैसे शक्यतो पुष्कळ हातांनी येऊ द्या. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याचा निधी अडला तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं आणि प्रत्येक देणगीदाराचं नाव छापलं, रक्कम कितीही असो. एक लाख वीस हजारांहून जास्त लोकांनी मिळून एक लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षा कमी होती. एका मोठ्या देणगीदाराची पाटी दर्शनी लागली की घर त्याचं होतं आणि बाकीचे पाहुणे.

विरोध होईल हे धरून चाला, आणि विरोधकांना जाऊन भेटा. कासेलचा तो स्तंभ मुख्य चौकातून २०१८ मध्ये राजकीय वादात उतरवला गेला आणि २०१९ मध्ये जवळच्याच एका रस्त्यावर पुन्हा उभा राहिला. ‘आसरा दिलात’ म्हणणाऱ्या स्तंभालाच जागा शोधावी लागली. असं होऊ नये म्हणून जागेची कायमची परवानगी, मालकी आणि हलवण्याच्या अटी लेखी हव्यात, आणि अनावरणाआधी हव्यात.

नंतरची वर्षं

करारात देखभालीची रक्कम आणि जबाबदार माणसाचं पद लिहून घ्या. साचे फेकू नका. कोपनहेगनच्या छोट्या जलपरीचं डोकं १९६४ मध्ये कुणीतरी कापून नेलं. नवं डोकं ओतून बसवता आलं.

ब्राँझला वर्षातून एकदा साबणाच्या सौम्य पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने मेण लावा आणि सुती कापडाने घासा. तारेचा ब्रश आणि चकाकी आणणारी रसायनं वर्ज्य. हे काम मी त्या पिशवीवाल्या बाईचं अजून स्वतः करते. तिचे हात मी दोन महिने खपून केले होते, लोक तेच धरतील असं वाटलं होतं. ते काळेच आहेत. सोन्यासारखी चकाकते ती पिशवी. शेजारी बसणारा प्रत्येक जण तिच्यावर हात ठेवतो, तिच्या मांडीवरचं ओझं जरा सावरून धरल्यासारखा. त्या जागेला मी मेण लावते, पण काळा रंग पुन्हा चढवत नाही.